कार्लाव्हरॉक : एक सीमादुर्ग
स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर, सॉल्वे खाडीनजीक, तेराव्या शतकात उभारलेला मॅक्सवेल घराण्याचा कार्लाव्हरॉक हा दुर्ग त्रिकोणाकृती आहे. उत्तरेच्या कोनावर जोडबुरुजांचा महादरवाजा, इतर दोन कोनांवर एकेक बुरूज व सभोवार पाण्याचा खंदक, अशी त्याची रचना होय. इ. स. १३०० मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो घेतला, तेव्हा आत सुमारे ६० माणसेच होती. परंतु असा बळकट दुर्ग ज्याच्या हाती जाईल त्याचेच बळ वाढवी. म्हणूनच रॉबर्ट ब्रूसच्या पक्षास मिळाल्यावर यूस्टस मॅक्सवेलने, शत्रूस त्याचा उपयोग होऊ नये यासाठी, आपल्याच दुर्गाची मोडतोड केली. १६४० मध्ये दक्षिणेची तटबंदी पाडली गेली, तीही स्कॉटिश सैन्याकडूनच. सीमादुर्गाच्या भग्नावशेषांवरून केवळ परचक्राचे अनुमान काढणे योग्य नव्हे, ते यामुळेच.