चिकोडी ते मिशिगन : निघण्याआधी घरात बोलून घ्यावं असं काही

रविवारी संध्याकाळी शहापुरातल्या किंवा निपाणीतल्या एखाद्या गल्लीतून फेरी मारा. दोन-तीन घरांत तरी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला दिसेल. पलीकडे अमेरिकेतली सकाळ असते. बेळगावची आजी विचारते, "जेवलास काय रे बाळा?" शेजारी बसलेली गोकाकची अज्जी विचारते, "ऊट आतेनो?" नातू दोघींना मिळून एकच उत्तर देतो, "येस!" सगळे हसतात. फोन ठेवल्यावर मात्र दोघी विहिणी थोडा वेळ गप्प बसतात.

मुलं परदेशी का जातात? पैसा हे कारण आहेच. पण खोदून विचारलं तर मुलं आणखी एक शब्द वापरतात : मोकळीक. सीमाभागातल्या माणसाला हा शब्द वेगळ्याने समजावून सांगावा लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपण दोन्हीकडचे आहोत आणि दोन्हीकडे थोडे परकेही. इथल्या कचेरीत अर्ज कोणत्या भाषेत लिहायचा हा प्रश्न, तर कोल्हापूर-पुण्यात गेलं की 'तुम्ही कर्नाटकातले' हा शिक्का. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्या वर्षी जन्मलेली मुलं आता पदवीधर झाली. 'तिथं गेल्यावर हे कुणी विचारत नाही,' असं एखादा मुलगा म्हणतो, तेव्हा त्याला उत्तर देणं अवघड जातं. मुलींचं म्हणणं आणखी साधं असतं. रात्री कामावरून परतताना गल्लीतले डोळे मागे लागत नाहीत, एवढंच त्यांना हवं असतं.

या वाटेवरचं आपल्या भागातलं ठळक नाव म्हणजे श्री ठाणेदार. १९५५ मध्ये चिकोडीत जन्म, बालपण बेळगावात. वडिलांची नोकरी लवकर सुटली, तेव्हा वयाच्या चौदाव्या वर्षापासून पडेल ते काम करून त्यांनी घराला हातभार लावला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची पदवी, मग मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. आणि १९७९ मध्ये अमेरिका. ॲक्रन विद्यापीठातून १९८२ मध्ये रसायनशास्त्रात पीएच.डी. पुढे एक छोटी प्रयोगशाळा विकत घेऊन त्यांनी ती मोठी केली. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र आपल्याकडे घरोघरी वाचलं गेलं.

पण पुस्तकानंतरचीही गोष्ट आहे. २०१० मध्ये कर्जामुळे त्यांचा व्यवसाय बँकेच्या ताब्यात गेला. पंचावन्नाव्या वर्षी मिशिगनमध्ये त्यांनी नव्याने सुरुवात केली. २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढवून हरले. २०२२ मध्ये मात्र अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले, २०२४ मध्ये पुन्हा आले. पडल्यावर उठायची संधी त्या देशाने दिली, हे खरं. पण पडणंही तिथं आहे, हेही तितकंच खरं.

मोकळीक शोधत समुद्र ओलांडणाऱ्या आपल्या बायका तर त्याहून जुन्या. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळचा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला. तिथली लोकस्थिती पाहून त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. १८८९ मध्ये परतून मुंबईत 'शारदा सदन' काढलं. तिथं पाहिलेली मोकळीक त्यांनी इथल्या विधवांसाठी आणली.

आजची वाट मात्र ठाणेदारांच्या काळाइतकी सरळ नाही. अमेरिकेत कायम राहण्याच्या ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. मुलं एकवीस वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी जाहीर झाली. नोकरी गेली की थोड्याच दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅग भरा. गल्लीतले डोळे सुटतात, पण व्हिसाची तारीख मानेवर बसते!

आणि तिथलं नागरिकत्व घेतलं तर? आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्डावर येणं-जाणं आयुष्यभर चालतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. निपाणीच्या तंबाखूच्या रानाकडे बघून मोठी झालेली मुलं हे बहुधा सही केल्यावर वाचतात.

भाषेचंही असंच. तिथं गणपती आला की महाराष्ट्र मंडळात जायचं की कन्नड कूटात? आपली काही कुटुंबं दोन्हीकडे जातात, आणि तेच बरं. इथं ज्या दोन भाषांनी आपल्याला वादात ओढलं, त्या तिथं एकाच ताटात वाढता येतात. पण त्या घरात बोलल्या तरच! आठवड्यातून एका फोनवर भाषा टिकत नाही.

म्हणून निघणाऱ्यांना अडवू नका, पण तिकीट काढण्याआधी एक संध्याकाळ सगळे एकत्र बसा. आई-आप्पा आजारी पडले तर कोण येणार? रान कुणाच्या नावावर, कोण कसणार? नातवंडांशी कोण कोणत्या भाषेत बोलणार? हे प्रश्न मुलगा विमानात बसल्यावर फोनवर विचारले की भांडण होतं. चहाच्या कपासोबत विचारले की निदान उत्तरं तरी मिळतात.

आणि फोनवरच्या त्या नातवाला पुढच्या रविवारी 'येस' म्हणू देऊ नका. एका आजीला 'जेवलो' आणि दुसरीला 'आत' म्हणायला शिकवा. दोनच शब्द आहेत, सामानात त्यांचं वजन होत नाही.