विश्लेषण : रिकॉलनंतरही सीट बेल्ट सदोषच, कारमालकाने दाद कुठे मागायची?

समजा, कंपनीचा फोन आला, ‘तुमच्या गाडीचा सीट बेल्ट तपासायचा आहे, काम मोफत आहे.’ चांदूर बाजारचा कारमालक एक दिवस मोडून अमरावतीला जातो, भाग बदलून घेतो. आठवडाभरात बेल्ट पुन्हा अडकू लागतो. वर्कशॉपचे उत्तर मात्र एकच : ‘रिकॉलचे काम पूर्ण झाले आहे.’ अशा वेळी काय करावे?

सीट बेल्टसाठी गाड्या परत बोलावतात का?

हो. मारुती सुझुकीने डिसेंबर २०२२ मध्ये सियाझ, ब्रेझा, एर्टिगा, एक्सएल-६ आणि ग्रँड व्हिटारा या मॉडेलच्या ९,१२५ गाड्या परत बोलावल्या. समोरचा बेल्ट खांद्याच्या उंचीनुसार वर-खाली करणाऱ्या भागात दोषाची शक्यता होती. क्वचित प्रसंगी बेल्ट सुटण्याचा धोका होता. जानेवारी २०२३ मध्ये मागच्या बेल्टच्या ब्रॅकेटसाठी ११,१७७ ग्रँड व्हिटारा तपासणीसाठी बोलावल्या गेल्या.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आले. पर्यावरण, चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरील इतरांना धोका ठरणारा दोष असल्यास केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. मात्र ही व्यवस्था एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांतील दोषासाठी आहे. एका गाडीची दुरुस्ती फसली, तर मालकाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अधिक उपयोगी पडतो.

‘काम मोफत होते, मग तक्रार कसली?’

दुरुस्ती मोफत असली तरी गाडी पैसे देऊन घेतलेली आहे. त्यामुळे मूळ दोषाबद्दल उत्पादकाला जाब विचारता येतो. सदोष उत्पादनामुळे इजा किंवा नुकसान झाल्यास भरपाईची तरतूदही या कायद्यात आहे. एअरबॅग न उघडल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाईचे अपील फेटाळले. ग्राहकाला तीन लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. धडकेचा वेग आणि बल यांचे गणित ग्राहकाने मांडावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

तक्रार कुठे करायची?

आधी वर्कशॉप आणि कंपनीला लेखी कळवावे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करावी. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते. म्हणून चांदूर बाजारच्या मालकाला कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही, अमरावतीचा आयोग पुरतो. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये लागतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

पुरावा कोणता जपायचा?

सर्वांत महत्त्वाचे जॉब कार्ड. त्यावर दोष आपल्या शब्दांत लिहून घ्यावा आणि बदललेल्या भागाची नोंद मागावी. बेल्ट तपासल्याशिवाय ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही करू नये. झटक्यात ओढल्यावर बेल्ट जागीच थांबतो का, सोडल्यावर पूर्ण परत गुंडाळतो का, हे तिथेच पाहावे. दोष पुन्हा दिसल्यास व्हिडिओ काढावा. बाहेरच्या गॅरेजात बेल्ट उघडू नये. मग दोष कोणाचा, हाच वाद उभा राहतो. गरज पडल्यास आयोग प्रयोगशाळेत तपासणीचा आदेश देऊ शकतो.

आणि निकाल लागेपर्यंत? सदोष बेल्टच्या जागेवर कोणालाही बसवू नये. चालकाचाच बेल्ट सदोष असेल, तर गाडी दारात उभी राहिलेली बरी.