फिरतें चाक थांबवितांना



यंत्र चालू कसें होतें याचें आपणांस कौतुक वाटतें. तें थांबतें कसें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः अधिक कठीण काम तें दुसरें होय. आमच्या वाटूरच्या जिल्ह्याचें ठिकाण जें जालना, तेथें लोखंडी सळ्या तयार करणारे पुष्कळ कारखाने आहेत. अशा कारखान्यांत टनावारी ओझें डोक्यावरून वाहणारी क्रेन इच्छित स्थळीं नेमकी थांबली नाहीं, तर खालच्या माणसाच्या प्राणाशीं गांठ पडते.

क्रेनची मोटार ज्या पेटीच्या हुकमानें चालते, तिला कारागीर ‘ड्राइव्ह’ म्हणतात. कारखान्यास मिळणारी वीज ४१५ व्होल्ट दाबाची असून ती सेकंदास ५० आवर्तनें घेते. ड्राइव्ह प्रथम हा प्रवाह एकाच दिशेचा करून कपॅसिटरांत सांठवितो. हा जणूं विजेचा हौद. त्याची पातळी सुमारें ५८५ व्होल्ट असते. या हौदांतून तो हव्या तितक्या आवर्तनांचा प्रवाह नव्यानें घडवून मोटारीस देतो. आवर्तनें निम्मीं, म्हणजे २५ केलीं, तर दाबहि निम्मा, सुमारें २०७ व्होल्ट ठेवावा लागतो. नाहीं तर मोटार वाजवीपेक्षां अधिक तापते. बाहेरील विजेचा दाब चढला तरी हें प्रमाण ढळूं न देणें, हें दाबनियंत्रणाचें काम.

आतां थांबविण्याचें पाहूं. आवर्तनें झपाट्यानें उतरविलीं, कीं चाक हुकमापेक्षां अधिक वेगानें फिरत राहतें, आणि अशा वेळीं मोटार वीज खाण्याऐवजीं ती उत्पन्न करूं लागते. ही वीज हौदांत येते. परंतु साध्या ड्राइव्हमध्यें हौदाचें दार फक्त आंत उघडणारें असल्यामुळें तिला बाहेरच्या तारांत जातां येत नाहीं. पातळी चढूं लागते. ती ८०० व्होल्टच्या आसपास गेली, कीं ड्राइव्ह स्वरक्षणार्थ काम बंद करतो आणि मोटार मोकळी सुटते! ज्या क्षणीं आवर घालावयाचा, नेमका त्याच क्षणीं आवर नाहींसा होतो. म्हणून थांबण्याचा काळ दोन सेकंदांनीं कमी करून चार फेऱ्या अधिक काढूं पाहणाऱ्यानें, ही शक्ति जाणार कोठें, हा प्रश्न आधीं विचारावा.

त्याचीं उत्तरें चार आहेत. पहिलें, थांबण्यास अधिक वेळ देणें. वेळ दुप्पट केला, तर हौदांत येणारा ओघ सरासरीनें निम्मा होतो, आणि यास खर्च कांहींच नाहीं. दुसरें, वेग उतरत असतां दाबनियंत्रण बंद ठेवणें. मग हौदाबरोबर मोटारीवरील दाबहि चढतो व जादा शक्तीचा कांहीं भाग मोटारींतच उष्णतेच्या रूपानें जिरतो. क्वचित् थांबणाऱ्या पंख्यास हें चालेल. घडोघडी थांबणारी मोटार मात्र त्यानें जळण्याचा संभव असतो. तिसरें, ब्रेक-रेझिस्टर बसविणें. पातळी ठरलेल्या मर्यादेस पोंचतांच जादा वीज त्याच्याकडे वळते व तेथें उष्णता होऊन जाते. दाब वाढतांच थांबण्याचा काळ आपोआप लांबविणारी एक योजना ड्राइव्हमध्यें असते. रेझिस्टर बसविल्यावर ती बंद करावी, नाहीं तर खर्च करूनहि यंत्र रेंगाळतच थांबेल. चौथें, वीज तारांत परत देणें. २००७ सालापासून आलेल्या मुंबईच्या नव्या लोकलगाड्या ब्रेक लावतांना हेंच करतात. ही योजना महाग खरी. परंतु जेथें दिवसभर पुनःपुन्हां थांबावें लागतें, तेथें ती परवडते.

क्रेनचें ओझें खालीं उतरत असतां तें स्वतःच मोटारीस फिरवितें. तेथें वेळ लांबवून भागत नाहीं. रेझिस्टर किंवा परतीची वाट हवीच. शिवाय स्प्रिंगनें आवळलेला व विजेनें सुटणारा यांत्रिक ब्रेक हवा, म्हणजे वीज गेली कीं तो आपोआप घट्ट धरतो. ड्राइव्हमधील आंकडे बदलण्यापूर्वीं हा ब्रेक तपासून घ्यावा, आणि नव्या आंकड्यांची परीक्षा चालू असेपर्यंत ओझ्याखालीं कोणासहि उभें राहूं देऊं नये.