अर्ध्या सेकंदातले तेहतीस फेरे

जुन्नर-आंबेगावात गाडी शिकायची शाळा म्हणजे कॅनॉलचा रस्ता. कुकडीच्या आणि डिंभ्याच्या कालव्यांनी या दोन तालुक्यांत पाणी फिरवलं आणि त्यांच्या कडेच्या मुरुमाच्या वाटांनी पोरांना क्लच सोडायला शिकवलं. कालवा काढणाऱ्यांच्या मनात हे दुसरं काम नव्हतं, पण मुद्दाम जागा शोधली असती तरी याहून बरी सापडली नसती. कालवा डोंगराला वळसे घालतो तो पातळी धरून. पाणी वाहील इतपतच उतार त्याला देतात, किलोमीटरमागे अर्धा-एक फूट. त्यामुळे कडेच्या वाटेला चढ नाही की उतार नाही, आणि गाडी गचका खाऊन बंद पडली तर दोष रस्त्याच्या माथी मारता येत नाही.

मागे बसलेला चुलता किंवा थोरला भाऊ ओरडत असतो, "सोड, सोड... अरे हळू सोड!" त्याचं म्हणणं बरोबर असतं. फक्त का ते त्याला सांगता येत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

गाडी उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला बाराशे-चौदाशे फेरे घेत असतं आणि मागचं चाक शून्यावर असतं. पेट्रोलच्या इंजिनला शून्यापासून सुरुवात करता येत नाही. ते एका ठरावीक वेगाच्या खाली गेलं की मरतं. म्हणजे जे थांबू शकत नाही ते, जे थांबलेलं आहे त्याला जोडायचं आहे. मधला हा सौदा क्लच प्लेटा जमवतात. डब्यात एकाआड एक चकत्या रचलेल्या असतात. घर्षणाचा थर असलेल्या चकत्या इंजिनबरोबर फिरतात, त्यांच्यामधल्या लोखंडी चकत्या गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगा सगळी चवड दाबून धरतात. लिव्हर ओढली की दाब सुटतो आणि चकत्या एकमेकींवरून घसरतात. सोडत आणली की आधी निसटता स्पर्श, मग ओढ, मग पक्की पकड. लिव्हरच्या सगळ्या प्रवासात हे घडतं ते जेमतेम बोटभर अंतरात. त्या बोटभर अंतरात हात थबकला पाहिजे. अलीकडे आणि पलीकडे कितीही घाई केली तरी चालतं. शिकणारे बहुधा उलट करतात. सुरुवातीला जिवापाड हळू, आणि ओढ लागली की घाबरून सोडून देतात.

हे घासणं चालतं तेलात बुडून, कारण तिथे तयार होणारी उष्णता कुणीतरी वाहून न्यायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर यांचं तेल एकच. मोटारीसाठीचं जास्त गुळगुळीत तेल बाइकमध्ये ओतलं की क्लच घसरायला लागतो, तो यामुळे. थंडीत सकाळी पहिला गिअर टाकताना जो "खट्ट" आवाज येतो तोही इथलाच. रात्रभरात घट्ट झालेल्या तेलाने चकत्या चिकटलेल्या असतात आणि क्लच दाबूनही त्या पुरत्या सुटत नाहीत.

पण खरी करामत पुढच्या डब्यात आहे. एखाद्या गॅरेजमध्ये उघडलेला गिअरबॉक्स बघायला मिळाला तर सोडू नका. आपल्याला वाटतं, गिअर टाकला की एक चाक बाजूला होतं आणि दुसरं येऊन भिडतं. तसं काही होत नाही. चार गिअरच्या गाडीत दोन दांड्यांवर चाकांच्या चार जोड्या असतात आणि चारही जोड्यांचे दाते कायम एकमेकांत अडकलेले असतात. पहिल्यात चालवा नाहीतर चौथ्यात, चारही जोड्या फिरतच असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या दांडीवर मोकळं असतं, फिरतं पण दांडीला फिरवत नाही. गिअर टाकायचा म्हणजे त्या चार मोकळ्या चाकांपैकी एकालाच दांडीशी बांधायचं. हे बांधण्याचं काम चाकांच्या बगलेवरचे पोलादी ठोकळे करतात. एका चाकाचे ठोकळे शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. सरकायचं अंतर काही मिलिमीटर.

सरकवतं कोण? आपल्या डाव्या पायाचा अंगठा. त्याच्या दाबाने आत एक नळकांड्यासारखा ड्रम थोडासा फिरतो. ड्रमवर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात आणि त्या खाचांत फोर्कांच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यांच्या, खुंट्या बसलेल्या असतात. ड्रम फिरला की खाच जिकडे वळते तिकडे फोर्क सरकतो आणि चाकाला बगलेला ढकलतो. कोणता गिअर केव्हा सुटायचा आणि कोणता केव्हा बसायचा याची सगळी क्रमवारी त्या खाचांच्या वळणांत आधीच लिहून ठेवलेली आहे. दोन गिअर एकदम पडू शकत नाहीत आणि दुसरा ओलांडल्याशिवाय तिसरा लागू शकत नाही.

आता झटक्याकडे येऊ. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीच्या बाजूने धावतो, वेग जुळला की दांडी पकडतो. उभ्या उभ्या दांडी धरली तर खांदा निखळेल. गिअरबॉक्समधल्या ठोकळ्यांची आणि खाचांची गोष्ट हीच आहे. दोन्ही फिरताहेत, पण वेगवेगळ्या वेगाने. क्लच दाबला की गिअरबॉक्सच्या इंजिनकडच्या दांडीवरचं ओझं सुटतं, ती हलकी होते आणि ठोकळा खाचेत शिरू शकतो. इथवरचं काम यंत्र सांभाळून घेतं. उरतो इंजिनचा वेग, आणि तो जुळवायची जबाबदारी आपली.

शंभर सीसीच्या साध्या गाडीत, ढोबळमानाने, मागचं चाक एकदा फिरतं तेव्हा पहिल्या गिअरात इंजिन पस्तीसेक फेरे घेतं, दुसऱ्यात एकोणीस-वीस, तिसऱ्यात चौदा, चौथ्यात अकरा. पहिल्यात इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर आहे आणि तुम्ही दुसरा टाकला, तर त्याच वेगाला ते २२००च्या आसपास यायला हवं. जवळजवळ अर्ध्यावर! तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मात्र ४०००वरून ३१०० झालं की पुरे. नवशिक्याच्या हातून सगळ्यात मोठा गचका पहिल्या-दुसऱ्याच्या मध्येच बसतो, कारण तिथली पायरी सगळ्यात उंच आहे.

४००० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ६६. सरावलेला माणूस अर्ध्या सेकंदात गिअर बदलतो. तेवढ्या वेळात इंजिन त्याच गतीत राहिलं तर तेहतीस फेरे घेईल. या तेहतिसातच त्याला खाली उतरवायचं असतं. म्हणून उजव्या हाताने रेस कमी करणं आणि डाव्या हाताने क्लच ओढणं एकाच क्षणी व्हावं लागतं. रेस आधी कमी केली तर गाडी मागे ओढल्यासारखी होते. क्लच आधी ओढला तर इंजिन मोकळं सुटून किंचाळतं. गिअर पडल्यावर क्लच फार रेंगाळत सोडायचा नाही आणि एकदम टाकायचाही नाही. इंजिनचा आवाज उतरत येतो आणि नव्या वेगाला पोचतो, तेवढ्यात पकड बसली पाहिजे. हे डोळ्यांनी साधत नाही. बहुतेक शंभर सीसी गाड्यांवर फेऱ्यांचा काटाच नसतो. कान हेच मीटर. हे जमलं की नाही, त्याचा निकाल मागे बसलेल्या माणसाच्या हेल्मेटकडून मिळतो: ते आपल्या हेल्मेटवर आदळलं नाही म्हणजे जमलं.

जुने लोक कधीकधी क्लच न दाबताच वरचा गिअर टाकतात आणि गाडीला जाणवतही नाही. यात जादू नाही. रेस झटकन कमी केली की क्षणभर इंजिन चाकाला ओढत नाही आणि चाकही इंजिनला ओढत नाही. त्या क्षणी ठोकळे सैल असतात. एरवी ते सुटू नयेत म्हणून त्यांच्या कडा किंचित आत तासलेल्या असतात, ओढ लागली की ते एकमेकांत आणखी घट्ट बसतात. लाथा घालघालून या कडा बोथट झाल्या की चढावर रेस देताच गिअर सुटायला लागतो, आणि मग इंजिन खोलण्यावाचून इलाज राहत नाही. नवशिक्याने क्लच न दाबण्याच्या फंदात पडू नये, हे माझं ठाम मत.

पायाने गिअर बदलण्याची ही सोय जितकी जुनी वाटते तितकी नाही. सुरुवातीच्या मोटरसायकलींना गिअरच नव्हते, इंजिनपासून चाकापर्यंत सरळ पट्टा. चढ आला की स्वार उतरून शेजारून पळायचा. मग टाकीच्या बाजूला हाताचा दांडा आला, म्हणजे गिअर बदलायला हँडलवरचा हात काढणं आलं. दर दाबाला एकच पायरी आणि लगेच लिव्हर पुन्हा जागेवर, ही युक्ती इंग्लंडच्या व्हेलोसेट कंपनीत हॅरॉल्ड विलिस यांनी १९२८च्या सुमारास बसवली. आज स्प्लेंडरपासून चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या पल्सरपर्यंत सगळीकडे तीच रीत आहे.

दिशांचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. स्प्लेंडरला चारही गिअर पुढे दाबून पडतात. पल्सरला पहिला खाली आणि बाकीचे वर. मित्राची पल्सर घेतलेला स्प्लेंडरवाला तिसऱ्यावरून वरचा टाकायला म्हणून पुढे दाबतो आणि दुसऱ्यात येतो. इंजिन केकाटतं आणि मागचं चाक रस्ता खरवडतं. जुन्या बुलेटला तर गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे. सवयीने गिअर टाकायला गेलेला माणूस करकचून ब्रेक मारायचा. आणि बजाजच्या चेतकवर किंवा दूधवाल्यांच्या लाडक्या एम-एटीवर पायाला हे कामच नव्हतं, डावी मूठच पिळायची.

सपाटीवर हे सगळं कौशल्य वाटतं, घाटात ती गरज होते. मंचरहून घोडेगाव, डिंभे करत भीमाशंकरकडे निघालं की पोखरीचा घाट लागतो. समजा गाडी ११० किलोची, दोन माणसं १३० किलोची आणि वर ४० किलोचं हिरड्याचं पोतं. एकूण २८०. दहा मीटरला एक मीटर चढ धरला तर गाडी नुसती मागे येऊ नये म्हणूनच चाकाला २८ किलोचा रेटा लागतो. शंभर सीसीचं इंजिन आपला सगळा जोर लावून चौथ्यात २६-२७ किलो रेटा देतं, तिसऱ्यात ३४-३५, दुसऱ्यात ४७-४८, पहिल्यात ८५ ते ९०. चौथ्यात गाडी घाट चढणारच नाही. तिसऱ्यात कागदावर चढेल, पण वारा आणि टायरचं घर्षण वजा केलं की हाती फारसं उरत नाही, शिवाय इंजिन सतत आपल्या पूर्ण जोरावर नसतं. म्हणून दुसरा. इंजिन तेच, पेट्रोल तेच. वेग देऊन जोर विकत घेण्याचा हा व्यवहार आहे आणि गिअरबॉक्स त्यातला दलाल, घासणावळीची थोडी दलाली कापून घेणारा.

या व्यवहारालाही मर्यादा आहे, आणि ती जुन्नर तालुक्यातच दिसते. आपटाळे, चावंड करत घाटघरवरून नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत गाडी जाते. पुढची वाट कातळातल्या पायऱ्यांची. सातवाहनांच्या काळापासून कोकणच्या बंदरांचा माल या वाटेने जुन्नरला चढला तो माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून. तिथे चाकाचंच काही चालत नाही, मग गिअर कितवा हा प्रश्न उरत नाही.

चढापेक्षा उतार अवघड, असं मला वाटतं. माळशेज उतरताना, त्यातून पावसात, गिअर कमी करणं म्हणजे वर चढवण्याच्या उलट काम: इंजिनला वेग वाढवून द्यायचा. तिसऱ्यात ते ३००० फेऱ्यांवर असेल तर त्याच वेगाला दुसऱ्यात ४१००वर जायला हवं. आपण रेस दिली नाही तर तो वेग मागच्या चाकाकडून उपटला जातो आणि ओल्या रस्त्यावर चाक क्षणभर अडकून घसरतं. क्लच दाबलेला असतानाच मुठीला एक हलका हिसका द्यायचा, इंजिन "व्रूम" करून वर गेलं की गिअर आणि क्लच. हे एकदा अंगात भिनलं की उतारावर गाडी कशी शांतपणे बसते ते बघण्यासारखं असतं. रेस बंद असताना इंजिनचं श्वासाचं दार जवळपास मिटलेलं असतं, पिस्टनला हवा ओढायला झगडावं लागतं आणि तो झगडा चाकाला मागे धरतो. ब्रेक तापत नाहीत.

तरीही पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारे महाभाग आहेतच. १ एप्रिल २०२०पासून बीएस-सिक्स हे धुराबाबतचं मानक आलं आणि साध्या गाड्यांतही कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. या गाड्या गिअरात असताना, रेस पूर्ण बंद करून उतारावर सोडल्या, तर संगणक सहसा पेट्रोलचा थेंबही आत सोडत नाही. इंजिनला चाकच फिरवत असतं. न्यूट्रल केली की चाकाचा आधार सुटतो, आणि इंजिन मरू नये म्हणून संगणकाला पुन्हा पेट्रोल सुरू करावं लागतं.