स्टिअरिंग थरथरतंय, बॉस!

शहरात लोण्यासारखी चालणारी गाडी एक्स्प्रेसवेवर नव्वदला पोचली की मिक्सरसारखी हलायला लागते? रस्त्याला दोष देऊन मोकळे होऊ नका. तीन महिने मी तेच केलं…

माझी सेकंडहँड हॅचबॅक डोंबिवलीत एकदम गुणी मुलीसारखी वागते. मानपाडा रोडचं ट्रॅफिक, काटई नाक्याचा जॅम, कल्याण-शीळ रोडवर मेट्रो 12 च्या कामामुळे झालेली चिंचोळी लेन, कशाकशाबद्दल म्हणून तक्रार नाही. पण शीळफाट्याला डावीकडे वळून तळोजा, कळंबोली करत एक्स्प्रेसवे धरला, की 82 च्या स्पीडला बाईसाहेबांच्या अंगात यायचं. आधी स्टिअरिंगला हलकीशी मुंग्या आल्यासारखी थरथर. 90 ला ती मनगटापर्यंत. 95 ला डॅशबोर्डवरचा गणपती नाचायला लागायचा. आणि शंभरला गंमत म्हणजे थरथर थोडी कमी!

याचा मी काय अर्थ काढला असेल? ‘म्हणजे शंभरनेच चालवायची!’ हसू नका. माझ्या ऑफिसवाल्या मित्रमंडळींपैकी निम्मे हेच करतात, मी विचारून पाहिलंय.

पुण्याला बहिणीचं डोहाळजेवण होतं. आई मागे, बाबा पुढे, डिकीत ओटीचं सामान. खालापूरच्या अलीकडे बाबांनी मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘चाक चपटं झालंय.’’ बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, कळवा कारशेडमधून. लोकलचा ब्रेक जोरात लागून चाक घसपटत गेलं की त्याचा एक तुकडा सपाट होतो आणि मग डब्याखालून ठक-ठक-ठक ऐकू येतं, हे तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. मी म्हटलं, ‘‘बाबा, ही लोकल नाहीये. रोड खराब आहे.’’ ते म्हणाले, ‘‘रोड खराब असता तर कधी हलली असती, कधी नसती. ही मोजून हलतेय.’’

मी गप्प. कारण मुद्दा बरोबर होता.

अलाइनमेंटबॅलन्सिंग हा एक शब्द नाही

त्याआधी मी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाले होते. पहिलं दुकान एसी वेटिंग रूमवालं, फुकट कॉफीवालं. मी म्हटलं, गाडी हलते. समोरून उत्तर, ‘‘मॅडम, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून देतो.’’ वडापावसारखा एकच शब्द! केलं. पैसे दिले. पुढच्या वीकेंडला थरथर जशीच्या तशी. परत गेले तर या वेळी त्यांनी सस्पेन्शनच्या पार्ट्सची यादी हातात ठेवली, एकूण अठरा हजारांची. दुसऱ्या गॅरेजवाल्याने गल्लीत एक राउंड मारला आणि जाहीर केलं, ‘‘काही नाही ताई, तुम्हाला भास होतोय.’’ चाळीसच्या स्पीडला त्याला काय डोंबल कळणार होतं?

खरं तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक ईएमआय वाचला असता. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथर ही सहसा त्याची करामत नसते. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन गोलाकार सगळीकडे सारखं आहे की नाही ते. ते नसलं की चाक फिरताना एक जड कोपरा रिमला बाहेर खेचत राहतो, आणि स्पीड वाढला की ही ओढ नुसती वाढत नाही, वर्गाच्या पटीत वाढते. दुप्पट स्पीड, चौपट ओढ.

मी कागदावर गणित मांडलं (मास कॉमवाल्यांनाही जमतं!). माझ्या गाडीचा टायर एका फेरीत साधारण 1.8 मीटर जातो. म्हणजे ताशी 100 ला सेकंदाला जवळजवळ 15 फेऱ्या. चौदा इंची रिमच्या कडेला फक्त 30 ग्रॅम जास्त असतील, तर या स्पीडला ते जवळपास पाच किलोच्या जोराने खेचतं. आधी वर, मग खाली, सेकंदाला पंधरा वेळा. पन्नासच्या स्पीडला तीच ओढ सव्वा किलोवर येते, म्हणून शहरात काही कळत नाही.

आणि शंभरला कमी का वाटायचं? झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो ना, तसं. चाक आणि सस्पेन्शन मिळून त्यांची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण दहा ते पंधरा झोके. फेऱ्यांचा वेग त्या लयीशी जुळला की थरथर कळसाला पोचते. स्पीड पुढे गेला की लय चुकते, हाताला बरं वाटतं. पण ओढ मात्र कमी झालेली नसते, उलट वाढलेली असते. म्हणजे माझा ‘शंभरनेच चालवायची’ हा शोध किती हुशारीचा होता बघा!

फाट्यावरचे मामा

शीळफाटा तुम्हाला माहीत आहेच. कल्याणकडून आलात तर उजवीकडे मुंब्रा, डावीकडे पनवेल, सरळ महापे. सगळ्या दिशांचे ट्रक, ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस इथे येऊन अडकतात. ज्या नाक्यावर एवढी चाकं फिरतात तिथे चाकाची माणसं असणारच. बाबांच्या जुन्या मित्राने एका टायरवाल्याचा पत्ता दिला. पत्र्याची शेड, बाहेर टायरची उतरंड, आत एक कॉम्प्रेसर आणि प्लास्टिकच्या कव्हरखाली जपून ठेवलेलं बॅलन्सिंग मशीन. मामा मूळचे माण तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले.

त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला प्रश्नच विचारले. अगदी डॉक्टरसारखे.

‘‘किती स्पीडला सुरू होतं ताई?’’

‘‘ब्याऐंशी.’’

‘‘हातात जाणवतं का बुडाखाली?’’

हातात. म्हणजे पुढची चाकं, मामा म्हणाले. सीट आणि फ्लोअर हललं तर बहुतेक मागची.

‘‘ब्रेक मारल्यावरच होतं का एरवीही?’’ एरवीही. फक्त ब्रेक मारल्यावर झालं असतं तर ब्रेकच्या डिस्ककडे बघावं लागलं असतं. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर झालं असतं तर ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटकडे.

‘‘न्यूट्रल करून बघितलं?’’ ते काही बघितलं नव्हतं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना त्या स्पीडला गाडी न्यूट्रलला टाकायची. थरथर राहिली तर चाकं, गेली तर इंजिनाच्या बाजूचं काहीतरी. (चावी मात्र बंद करायची नाही! पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकला मदत मिळत नाही, वरून स्टिअरिंग लॉक व्हायची भीती.)

बाबा या प्रश्नोत्तरांवर बेहद्द खूश. ‘‘याला म्हणतात इन्स्पेक्शन!’’

मग जॅक लागला. मामांनी चाक दोन्ही हातांनी वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवून पाहिलं. खडखड नाही, म्हणजे बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड ठीक. (माझे अठरा हजार!) मग एक साधा स्क्रू ड्रायव्हर विटेवर टेकवून त्याचं टोक टायरच्या अगदी जवळ धरलं आणि पुढचं उजवं चाक हाताने हळू फिरवलं. ‘‘ताई, फटीकडे बघा.’’ फट बोटभर, बोटभर, बोटभर… आणि एका जागी टायर स्क्रू ड्रायव्हरला घासून गेला. पुन्हा फिरवलं. पुन्हा त्याच जागी.

चाक चपटं नव्हतं. फुगलेलं होतं.

उजेडात हात फिरवला तर मलाही लागला, आतल्या बाजूला, जिथे उभं राहून कधीच दिसत नाही, तिथे तळहाताएवढा उंचवटा. ‘‘आतला बेल्ट सुटलाय,’’ मामा म्हणाले. रेडियल टायरच्या रबराखाली स्टीलच्या तारांचे पट्टे असतात. ते रबरापासून सुटायला लागले की टायर त्या जागी फुगतो, तापतो, अजून सुटतो. शेवटी हायवेवर, भर उन्हात, भर स्पीडला वरची सालच निघते, नाहीतर फुटतो.

मी आईकडे बघितलं. ती शेडच्या बाहेर स्टुलावर बसून उसाचा रस पीत होती.

‘‘पण नक्षी तर चांगली आहे,’’ मी उगाच म्हटलं. मामांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले, 3416. म्हणजे 2016 सालचा चौतिसावा आठवडा. गाडी मी 2023 मध्ये घेतली तेव्हाच हा टायर सात वर्षांचा होता! जुन्या मालकाने गाडी फारशी पळवली नव्हती, त्यामुळे नक्षी शाबूत, पण रबर म्हातारं. बारीक बारीक भेगा. गाडी घेताना मी म्युझिक सिस्टिम चेक केली होती, एसी चेक केला होता, सीट कव्हरचा वास घेतला होता.

शून्य-शून्यचा खेळ

मग पहिल्या दुकानात बॅलन्सिंग करून फरक का नाही पडला? मामांनी डावं चाक काढून मशीनवर चढवलं. रिमच्या आतल्या कडेला एका जागी शिशाचे तुकडे ओळीने बसवलेले, मिळून 65 ग्रॅम. ‘‘एवढं वजन लागलं तेव्हाच त्याने थांबायला पाहिजे होतं. चाकात खोट असल्याशिवाय एवढं लागत नाही.’’ सगळं शिसं उपटून चाक फिरवलं तर रिमची आतली कड पतंगासारखी डोलत होती. कुठल्यातरी खड्ड्यात वाकलेली. कुठला ते विचारू नका, पावसाळ्यात आपल्या भागात निवडीला भरपूर वाव असतो.

मशीन वजन मोजतं, गोलाई नाही. अंड्यालाही वजनं लावून शून्य-शून्य आणता येईल, पण ते रस्त्यावर गोल चालणार नाही. उजव्या चाकाचंही तेच झालं होतं, मशीनवर शून्य, रस्त्यावर फुगा.

मामांनी एक युक्ती सांगितली, ती मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. मशीनने शून्य दाखवल्यावर चाक सैल करून अर्धा फेरा वळवायला सांगायचं आणि पुन्हा फिरवायला लावायचं. पाच-दहा ग्रॅमच्या आत राहिलं तर काम खरं. पंचवीस-तीस आलं तर चाक मशीनवर नीट बसलंच नव्हतं, किंवा मधला कोन मळलेला आहे. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू द्या!

माझी रिम स्टीलची, म्हणून ती दाबून सरळ झाली. अलॉय असेल तर तापवून, ठोकून सरळ करणाऱ्यांपासून लांब राहा, तडा जाऊ शकतो. बाहेरून घेतलेल्या अलॉयची आणखी एक भानगड असते. मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं असलं तर चाक दोन केस बाजूला बसतं आणि कितीही बॅलन्सिंग करा, हलतंच. मध्ये बसवायची प्लास्टिकची रिंग मिळते, काम होऊन जातं.

आणि माळशेजच्या चिखलातून परत आल्या-आल्या गाडी हलायला लागली असेल तर आधी रिमच्या आतल्या बाजूला पाण्याचा फवारा मारून बघा. सुकलेला चिखल म्हणजेही वजनच की!

दोन नवे टायर घेतले. ते पुढे लावतील असं मला वाटलं होतं, पण मामांनी ते मागे लावले आणि मागचे (2021 चे, एकेक तपासून) पुढे आणले. बाबांनी वाद घातला, ‘‘ओढणारी चाकं पुढची, नवं तिकडे पाहिजे.’’ मामा म्हणाले, ‘‘साहेब, पावसात पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंगला कळतं, पाय काढता येतो. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते, मग कुणाचं काही चालत नाही.’’ बाबा विचारात पडले. जगातल्या मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात, हे मी घरी येऊन वाचलं.

नट त्यांनी समोरासमोर, आलटून-पालटून आवळले, शेवटी टॉर्क पान्याने. दणादण एअर गनवर सोडून दिलं नाही. शंभरेक किलोमीटरने परत बघून घ्या म्हणाले. हवा सकाळी टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली. पंपवाल्याच्या मनातली नव्हे!

हे सगळं मी एवढ्या चवीने का सांगतेय? कारण आपल्या अंगणातले रस्ते बदललेत. 5 जून 2025 ला समृद्धीचा शेवटचा टप्पा उघडला आणि हा 701 किलोमीटरचा रस्ता आपल्या ठाणे जिल्ह्यात, आमण्याला येऊन टेकला. स्पीड लिमिट 120. माझं ते 30 ग्रॅमचं गणित 120 ला सात किलोंवर जातं, आणि तेही तासन् तास, सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर. 2023 मध्ये आरटीओने समृद्धीवर गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवलं, तेव्हा लोकांनी बरीच कुरकुर केली होती. पण नक्षी डोळ्यांना दिसते तरी. 1.6 मिलीमीटरवर आली की खाचेतली छोटी पट्टी वर येते, टायर बदला म्हणून. फुग्याला अशी पट्टी नसते. तो फक्त हातात थरथरतो.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं ट्रायल म्हणून तळोज्यावरून एक्स्प्रेसवेला गेलो. 82. 90. 95. गणपती जागच्या जागी. बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग आईला म्हणाले, ‘‘आता झोप तू.’’

निघायच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. मी मामांना म्हटलं, जुन्या टायरचे काही पैसे मिळतील का? त्यांनी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यातून सुरा आणला आणि त्या 3416 च्या कडेला हातभर आडवा चिरून टाकला. सुटलेल्या तारा बाहेर आल्या.

‘‘नाहीतर कुणीतरी नवी नक्षी कोरून विकेल, ताई.’’

बाबांनी त्याचा फोटो काढून कारशेडच्या ग्रुपवर टाकला.