पेनातली स्प्रिंग चालेल का? (भागाचं लिखित रूप)

हेडफोन लावलेत? आजची गोष्ट आहे एका बारीक स्प्रिंगची.

मी राहतो टेक्सासमध्ये. स्वतःची बंदूक घरीच उघडणं, साफ करणं, छोटे भाग बदलणं हा इथे बऱ्याच जणांचा छंद आहे. आमच्या ऑफिसातला एक दादा त्यातलाच. एका रविवारी त्याच्या गॅरेजमध्ये मी मदतीला बसलो. टेबलावर एम१९११ पिस्तूल. डिझाइन जॉन ब्राउनिंग यांचं. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये घेतलं म्हणून हे नाव.

दादाने गोळ्यांचा डबा आधी घरात नेऊन ठेवला. मग मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली, चेंबरमध्ये डोकावून पाहिलं आणि बोटानेही चाचपलं. मी विचारलं, "मॅगझिन नंतर काढलं तर?" तो म्हणाला, "मग फसशील." कारण स्लाइड मागे ओढली की चेंबरमधली गोळी बाहेर पडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत चढते. आपण समजतो बंदूक रिकामी, आणि ती असते भरलेली!

पुढचं काम मी मागून घेतलं. या पिस्तुलात नळीखाली एक जोरदार स्प्रिंग असते. तिच्या तोंडाशी धातूचं टोपण, आणि ते अडवून धरणारी एक कडी. कडी फिरवताना टोपण अंगठ्याने दाबून ठेवायचं. माझा अंगठा तेलकट होता. सटकला! टोपण सुटलं ते थेट माझ्या चष्म्यावर. दादाने सुरुवातीलाच जबरदस्तीने घालायला लावलेला, प्लास्टिकचा सेफ्टी चष्मा. काचेवर चरा पडला. डोळा वाचला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. सेफ्टीचा खटका काढताना त्याच्यामागची बारीक स्प्रिंग उडाली. टिंग! गायब. आता दादाची मुलगी दोन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालते. त्यामुळे शोधणं भागच होतं. दिवे बंद केले, मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवला. असं केलं की बारीक वस्तूचीही लांब सावली पडते. तासाभराने सापडली, पण आमच्याच बुटाखाली चेपलेली.

मी म्हटलं, "दादा, पेनातली स्प्रिंग कापून बसवू या का?"

तो हसला नाही. म्हणाला, "हीच स्प्रिंग खटक्याला जागेवर धरते. ढिली बसली तर सेफ्टी आपोआप खाली सरकेल. तेव्हा पिस्तूल कोणाच्या कमरेला असेल, सांग?"

पिस्तूल तसंच खोललेलं, चिठ्ठी लावून तिजोरीत गेलं. नवा भाग आल्यावर दादाने ते बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घेतलं.

आता मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालूनच आम्ही स्प्रिंग काढतो. उडाली तरी पिशवीतच राहते. प्रत्येक पायरीचा फोटो काढतो, सुटे भाग चुंबकाच्या ताटलीत ठेवतो.

आणि भारतातून ऐकणाऱ्यांनो, हे घरी करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो.

तुमच्या मिक्सरची, सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग मात्र जरूर उघडा. चष्मा घालून! भेटू पुढच्या भागात.