जुना संगणक आणि दोन पडदे

श्रोतेहो, घरांतील जुना संगणक अडगळींत टाकण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, अशी आज माझी विनंती आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठराविक नवे प्रोसेसरच मान्य. त्यामुळें कित्येक धडधाकट यंत्रें निकालांत निघालीं. अशा यंत्रावर, १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें आरंभिलेली लिनक्स प्रणाली सुखेनैव चालते. जोडीस दोन पडदे लावले, तर एकावर ग्रंथ व दुसऱ्यावर टिपण, असा अभ्यासही साधतो.

दोन पडद्यांचा भार जुन्या यंत्रास झेपेल काय? हिशेबच करूं. १९२० गुणिले १०८० ठिपके, दर ठिपक्यास ४ बाइट. म्हणजे एका चित्रास सुमारें ८ मेगाबाइट. दोहोंस १६. चार गिगाबाइट मेमरीच्या यंत्रास हें ओझें कसलें? मेमरी खातो तो ब्राउझर. म्हणून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप निवडावा आणि ब्राउझरचीं पानें बेतानें उघडावीं.

खरी अडचण निराळीच आहे. मागें तीन जोडण्या दिसल्या, म्हणजे तीन पडदे चालतील असें नव्हे. चित्र पाठविणाऱ्या वाहिन्या चिपच्या आंत मोजक्या असतात. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिजमध्यें त्या दोनच होत्या. २०१२ च्या आयव्ही ब्रिजमध्यें तीन झाल्या. दोन नळांखालीं तिसरी बादली ठेवून ती भरावयाची कशी?

त्याहून जुन्या, २००५ च्या इंटेल ९४५ मधील त्रिमिति-यंत्रणेस २०४८ ठिपक्यांपलीकडील चित्र पेलत नाहीं. १२८० गुणिले १०२४ चे दोन पडदे शेजारीं मांडल्यास रुंदी २५६० होते आणि काम अडतें. तेच एकावर एक रचले आहेत असें यंत्रास सांगितलें, तर उंची नेमकी २०४८ भरते. एक्सरँडर या आज्ञेनें ही रचना क्षणांत बदलतां येते. मग माऊस उजवीकडे न नेतां वर न्यावयाचा, एवढेंच!

मात्र प्रोसेसर ६४-बिट आहे ना, हें आधीं पाहावें. डेबियनच्या २०२५ च्या १३ व्या आवृत्तींत ३२-बिट संगणकावर नव्यानें बसविण्याची सोय उरली नाहीं. घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें प्रथम दुसरीकडे उतरवून ठेवावीं. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसती चालवून दोन्ही पडदे उजळतात कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच ती कायमची बसवावी. यंत्राचें वय नव्हे, त्याची शक्ति पाहून निर्णय घ्यावा, हें उत्तम.